डब्लिनचे लेखक, पॅरिसमधले उजवे

1928 मध्ये सॅम्युएल बेकेट पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये इंग्रजी शिकवायला रुजू झाला. त्याच वर्षी रोबेर ब्राझियाक तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. वास्तू एक, ग्रंथालय एक. 1931 पर्यंत ब्राझियाक शार्ल मोरासच्या ‘आक्सिओं फ्रॉंसेज’ या दैनिकात साहित्यावर सदर लिहू लागला होता. 1937 मध्ये तो ‘जे स्वी पार्तू’ या फॅसिस्ट साप्ताहिकाचा संपादक झाला आणि 6 फेब्रुवारी 1945 रोजी देशद्रोहाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी बेकेटला नाझीविरोधी प्रतिकार चळवळीतल्या कामाबद्दल ‘क्रुआ द गेर’ हे युद्धपदक मिळालं.

दोन महायुद्धांमधल्या आयरिश आधुनिक साहित्याचं फ्रेंच उजव्यांशी असलेलं नातं बहुतेकदा तीन वाक्यांत उरकलं जातं: येट्स उजवीकडे झुकला, जॉइस अलिप्त राहिला, बेकेट लढला. ही वाटणी सोयीची आहे, पण तिच्यात साहित्यच हरवतं. मोरासचं राजकारण साहित्यविचारातून उगवलं होतं, आणि आयरिश लेखकांनी त्याला दिलेलं उत्तरही मुख्यतः लेखनातूनच आलं. तिथे शोध घेतला तर चित्र बरंच बदलतं.

‘आक्सिओं फ्रॉंसेज’ ही संघटना ज्यू लष्करी अधिकारी ड्रायफसवरच्या देशद्रोहाच्या खोट्या आरोपाने पेटलेल्या वादाच्या धगीत, 1899 मध्ये उभी राहिली. त्याच नावाचं दैनिक मार्च 1908 पासून निघू लागलं. राजेशाही परत आणा, चर्चचा दरारा टिकवा, ज्यू, प्रोटेस्टंट, फ्रीमेसन आणि परदेशी उपऱ्यांना सत्तेपासून दूर ठेवा, असा तिचा कार्यक्रम होता. मोरास स्वतः देव न मानणारा. चर्च त्याला शिस्तीसाठी हवं होतं. 1926 मध्ये रोमने त्याच्या दैनिकावर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं. या कार्यक्रमाखाली एक सौंदर्यदृष्टी होती. ग्रीक-लॅटिन प्रमाणबद्धता, सतराव्या शतकातल्या नाटकांचा आटोपशीरपणा आणि स्वच्छ वाक्य हे फ्रान्सचं सत्त्व; रोमँटिक भावनावेग हा बाहेरून शिरलेला आजार. अर्थात उजव्यांची अभिरुची दरवेळी या चौकटीत मावत नव्हती. मोरासचा सहकारी लेऑं दोदे यानेच 1919 मध्ये प्रूस्तला गोंकूर पारितोषिक मिळावं म्हणून जोर लावला होता, आणि 1932 मध्ये सेलिनच्या पहिल्या कादंबरीच्या पाठीशीही तोच उभा राहिला.

जॉइसला या जगाची ओळख फार आधी झाली होती. 1902-03 मध्ये तो पॅरिसमध्ये वैद्यकीच्या नावाखाली उपाशीपोटी राहिला, तेव्हा जोसेफ केसी हा जुना आयरिश क्रांतिकारक त्याला भेटत असे. ‘युलिसिस’ या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात हाच केसी केविन ईगन या नावाने येतो. कादंबरीतला तरुण स्टीफन डब्लिनच्या किनाऱ्यावर चालताना ईगनच्या गप्पा आठवतो. त्या गप्पांत कोणाची नावं आहेत? ‘ला लिब्र पारोल’ चालवणारा ज्यूद्वेष्टा पत्रकार एदुआर द्रुमों, ‘ला पात्री’ हे वृत्तपत्र, राजकारणी लुसियँ मिलव्वा आणि आयरिश राष्ट्रवादी मॉड गॉन. मिलव्वा हा राष्ट्रवादी जनरल बूलांझेचा कडवा समर्थक, ड्रायफसचा विरोधक आणि मॉड गॉनच्या दोन मुलांचा बाप. इंग्लंडचा शत्रू तो आपला मित्र, या एका हिशेबाने आयरिश देशभक्त कोणाच्या पंगतीला जाऊन बसला होता, हे जॉइस एकही टिप्पणी न करता दाखवतो. बाराव्या प्रकरणात तेच बोलणं डब्लिनच्या एका दारूच्या गुत्त्यात ऐकू येतं: तिथला ‘सिटिझन’ लिओपोल्ड ब्लूमला तो ज्यू आहे म्हणून आयरिश मानायला तयार नाही. पॅरिसचं वृत्तपत्र आणि डब्लिनचा गुत्ता यांतला हा सांधा जॉइसने 1922 मध्ये छापून ठेवला. त्याला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं पाठोपाठ वाचावीत.

मात्र जाहीर भूमिका घ्यायची वेळ आली की जॉइस अंग काढून घेत असे. 1937 मध्ये नॅन्सी क्युनार्डने स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल लेखकांना प्रश्नावली पाठवली, तेव्हा जॉइसने त्यात पडायला नकार दिला. बेकेटने प्रजासत्ताकाच्या बाजूने, सगळे शब्द एकत्र जोडून, एकाच शब्दाचं उत्तर पाठवलं. पण 1938 मध्ये व्हिएन्नाचा कादंबरीकार हेर्मान ब्रोख याला नाझींच्या तावडीतून बाहेर काढण्यासाठी खटपट करणाऱ्यांत जॉइस होता.

फ्रेंच परंपरावाद्यांनी जॉइसला कसं वाचलं, हा विषय अजून नीट हाताळला गेलेला नाही. लुई झिलेचं उदाहरण त्यासाठी फार बोलकं आहे. ‘रेव्ह्यू दे द्यू माँद’ हे फ्रान्समधल्या प्रतिष्ठित, सनातनी वर्गाचं नियतकालिक. झिले तिथला समीक्षक आणि संपादकाचा जावई. 1925 मध्ये त्याने जॉइसवर कडक टीका केली. पुढे सहा वर्षांत त्याचं मत पालटलं, 1931 मध्ये त्याच पानांवर त्याने जॉइसच्या नव्या कादंबरीबद्दल आस्थेने लिहिलं आणि दोघांची मैत्री जमली. 1935 मध्ये झिले फ्रेंच अकादमीत गेला, आणि जॉइसच्या मृत्यूनंतर 1941 मध्ये त्याच्यावरचं पुस्तकही त्यानेच लिहिलं. अभिजाततेचा आग्रह धरणारा वाचक ‘युलिसिस’पाशी अडतो, थांबतो आणि पुन्हा वाचायला बसतो, हे इथे तारखांसकट दिसतं.

येट्सची वाट निराळी. 1916 च्या उन्हाळ्यात तो नॉर्मंडीत मॉड गॉनच्या घरी होता. तिची आणि मिलव्वाची मुलगी इझोल्ट त्याला पेगी, क्लोदेल आणि फ्रान्सिस जॅम वाचून दाखवत असे. मातीशी बांधलेली, श्रद्धाळू, उतरंड मानणारी ही फ्रेंच कविता त्याच्या मनात घर करून राहिली. फेब्रुवारी 1924 मध्ये, नोबेल मिळून दोन-तीन महिने झालेले असताना आणि तो आयर्लंडच्या सिनेटचा सदस्य असताना, ‘आयरिश टाइम्स’च्या मुलाखतीत त्याने क्लोदेल आणि मुसोलिनी यांची नावं एका दमात घेतली आणि जग लोकशाहीकडून अधिकारशाहीकडे निघाल्याचं सांगितलं. वास्तविक क्लोदेल मोरासच्या गोटातला नव्हता. येट्सला हे बारकावे नकोच होते. त्याला युरोपभर पसरणारी एक लाट पाहायची होती.

6 फेब्रुवारी 1934 ला पॅरिसच्या प्लास द ला कोंकॉर्दवर उजव्या संघटनांचे जमाव चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी दालादिये सरकारने राजीनामा दिला. त्याच महिन्यात येट्सने ओ’डफीच्या ‘ब्लूशर्ट्स’ या आयरिश उजव्या संघटनेसाठी लिहायला घेतलेली गीतं लंडनच्या ‘स्पेक्टेटर’मध्ये आली. ब्लूशर्ट्सबद्दलचा त्याचा उत्साह लवकरच ओसरला आणि त्याने ती गीतं बदलून टाकली. 1935-36 च्या हिवाळ्यात तो मायोर्का बेटावर बडनेऱ्यात जन्मलेल्या पुरोहित स्वामींबरोबर उपनिषदांचं इंग्रजी करत बसला होता. लोकशाहीच्या कोलाहलापलीकडची, जुनी आणि अभंग परंपरा तो तिथेही शोधत होता.

कॉनर क्रूझ ओ’ब्रायनने 1965 मध्ये येट्सवर फॅसिस्टधार्जिणेपणाचा उघड आरोप केला. 1981 मध्ये एलिझाबेथ कलिंगफोर्डने पूर्ण पुस्तक लिहून त्याची बाजू मांडली. ओ’ब्रायनचे पुरावे भक्कम आहेत. कलिंगफोर्ड येट्सच्या विचारातले चढउतार जास्त बारकाईने टिपते, पण त्याच्या ओढीला सौम्य करून टाकते. ती ओढ वृद्धापकाळातली लहर नव्हती. तिची मुळं मॉड गॉनच्या पॅरिसमधल्या दिवाणखान्यापर्यंत जातात, आणि तिथे मिलव्वा बसलेला आहे.

सगळ्यात गुंतागुंतीची कहाणी बेकेटभोवतीच्या माणसांची. फेब्रुवारी 1931 मध्ये डब्लिनच्या पीकॉक थिएटरमध्ये ‘ल किड’ नावाचं विडंबन झालं. कोर्नेयचं ‘ल सिद’ म्हणजे फ्रेंच अभिजाततेचा मानबिंदू. तेच इथे उलटंपालटं केलेलं. बेकेट म्हाताऱ्या दॉन दिएगच्या भूमिकेत छत्री आणि गजराचं घड्याळ घेऊन रंगमंचावर आला. एका दिवसात नाटक आटपण्याचा जुना नियम होता, म्हणून गजर वाजताच त्याला आपलं स्वगत धडाधड म्हणत सुटायचं होतं. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकातल्या लकीच्या भाषणाचं बीज अभ्यासक इथे शोधतात. सात वर्षांनी ब्राझियाकने कोर्नेयवर पुस्तक लिहिलं आणि त्याच नाटककाराला नव्या शिस्तप्रिय, पराक्रमी युरोपाचा पूर्वज ठरवलं. एका परंपरेचे असे दोन वारस आमनेसामने ठेवून पाहण्याची संधी समीक्षेने क्वचितच घेतली आहे.

‘ल किड’ लिहिण्यात मोठा वाटा होता ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिकवायला आलेल्या जॉर्ज पेलोर्सोंचा. त्याच्या आधी तिथे आल्फ्रेड पेरों होता. दोघेही एकोल नॉर्मालचे, दोघेही बेकेटचे मित्र. पेरोंने बेकेटबरोबर जॉइसच्या ‘ॲना लिव्हिया प्लुराबेल’चं फ्रेंच भाषांतर सुरू केलं. पुढे त्यानेच बेकेटला प्रतिकार चळवळीच्या गटात ओढलं. तो पकडला गेला, माउटहाउझेनच्या छावणीत खंगला आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, मे 1945 मध्ये गेला. पेलोर्सोंने 1937 पासून ‘व्होलोंते’ हे मासिक चालवलं. त्यात हेन्री मिलर होता, केनो होता. एमे सेझेरची मार्तिनिकवरची दीर्घ कविता ऑगस्ट 1939 मध्ये पहिल्यांदा तिथेच छापली गेली. आणि हाच संपादक युद्धकाळात जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी राजवटीच्या युवक खात्यात मोठ्या पदावर जाऊन बसला. युद्धानंतर जॉर्ज बेलमों हे नाव घेऊन त्याने पत्रकार आणि भाषांतरकार म्हणून दुसरं आयुष्य उभं केलं. प्रयोगशील साहित्य माणसाला उजवीकडे जाण्यापासून वाचवतं, हा समज टिकवायचा असेल तर पेलोर्सोंकडे डोळेझाक करावी लागते.

बेकेटला स्वतःला त्या काळाची झळ आणखी एका प्रकारे लागली. 6 मे 1932 रोजी एका रशियन निर्वासिताने राष्ट्राध्यक्ष दुमेर यांच्यावर गोळ्या झाडल्या. परदेशी माणसांची कागदपत्रं तपासली जाऊ लागली. बेकेटकडे वैध परवाना नव्हता, त्यामुळे हॉटेलात उतरायची सोय राहिली नाही. काही रात्री त्याने चित्रकार झाँ ल्युर्साच्या स्टुडिओत जमिनीवर काढल्या. पैशासाठी त्याने रँबोच्या एका दीर्घ कवितेचं भाषांतर केलं, त्याचे 700 फ्रँक मिळाले आणि तो लंडनला निघून गेला. कागदपत्रांवाचून भटकणारी, दारातून हाकलली जाणारी त्याची पुढची पात्रं या अनुभवापासून फार लांब नाहीत.

गेल्या चार दशकांत समीक्षेने बरीच मजल मारली आहे. डॉमिनिक मॅन्गानिएलोने 1980 मध्ये जॉइसचं राजकारण गांभीर्याने मांडलं, एमर नोलनने 1995 मध्ये त्याच्या राष्ट्रवादाशी असलेल्या नात्याची फेरतपासणी केली, आणि एमिली मोरँच्या 2017 च्या पुस्तकानंतर बेकेटला राजकारणापासून अलग ठेवणं अशक्य झालं.

एक मोठी जागा मात्र रिकामी आहे, ती कॅथलिक आधुनिकांची. टॉमस मॅकग्रीव्ही, डेनिस डेव्हलिन आणि ब्रायन कॉफी हे तिघे पॅरिसमध्ये घडले. बेकेटने 1934 मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या लेखात कॉफी आणि डेव्हलिन यांना आयरिश कवितेतली सर्वांत आशादायक नावं मानलं होतं. कॉफी पॅरिसमध्ये जाक मारितँकडे तत्त्वज्ञान शिकला. हा तोच मारितँ, जो आधी मोरासच्या वर्तुळात होता आणि 1926 च्या बंदीनंतर त्यातून बाहेर पडून 1927 मध्ये अध्यात्माला राजकारणाच्या वर मानणारं पुस्तक लिहून मोकळा झाला. श्रद्धा हवी, पण मोरासची शिस्त नको, हा तिढा कॉफीने थेट गुरूकडून घेतला. त्याचा ‘थर्ड पर्सन’ हा संग्रह 1938 मध्ये, आणि त्याआधीच्या वर्षी डेव्हलिनचा ‘इंटरसेशन्स’, एकाच छोट्या युरोपा प्रेसने काढला. दोन्ही संग्रहांकडे आजवर शैलीच्या अंगाने पाहिलं गेलं आहे. मारितँ आणि मोरास यांच्यातल्या त्या फुटीच्या उजेडात ते वाचण्याचं काम बाकी आहे.