आत्मविश्वास वाढला, पण हात बसला का?

सिम्युलेशनवरचे पेपर वाचायला लागलात की एक निष्कर्ष तुम्हाला पुन्हापुन्हा भेटेल: प्रशिक्षणानंतर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास लक्षणीय वाढला. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच होतं. एक गट, आधी प्रश्नावली, मग पुतळ्यावर सीपीआरचा सराव, नंतर तीच प्रश्नावली. गाईडनी वाचून एवढंच विचारलं, "आणि पेशंटचं काय?" तेव्हा राग आला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.

आधी डिझाईन बघू. तुलनेला दुसरा गट नसेल, तर वाढ सिम्युलेशनमुळेच झाली असं म्हणता येत नाही. कदाचित नुसता व्हिडिओ दाखवला असता तरी मुलांनी 'आता जमेल' असंच लिहिलं असतं. त्यात प्रश्नावली वाटणारे आपण आणि इंटर्नलचे मार्क देणारेही आपणच. मग 'नाही जमत' असं कोण लिहील? पी-व्हॅल्यू कितीही छोटी आली, तरी हा दोष जात नाही.

आता साधन. अमेरिकेतल्या 'नॅशनल लीग फॉर नर्सिंग'ची समाधान आणि आत्मविश्वास मोजणारी १३ विधानांची मोजपट्टी खूप वापरली जाते. त्यातली ५ विधानं समाधानाची, ८ आत्मविश्वासाची. नुसतं नाव बघून ती उचलू नका, एकेक विधान वाचा. त्या आठांतल्या एकाचा आशय असा: काय शिकायचं ते सांगणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. याला 'पूर्ण सहमत' म्हटलं की आत्मविश्वासाचे गुण वाढतात! क्रोनबॅक अल्फा चांगला आहे म्हणून समाधान मानू नका. विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच अल्फा सांगतो. ती नेमकं काय मोजतात, हे तुम्हालाच तपासावं लागतं.

बरं, आत्मविश्वास अगदी नीट मोजला, तरी त्यावरून कौशल्य कळतं का? २००६ साली 'जामा'मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा आढावा आला. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्यांनी केलेलं मूल्यमापन यांच्या २० तुलना त्यांनी तपासल्या. त्यांपैकी १३ मध्ये दोन्हींचा संबंध नगण्य, शून्य किंवा चक्क उलटा निघाला. ही अनुभवी डॉक्टरांची गत, तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची?

याहून चांगलं काम कसं होतं, त्याचा नमुना म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा २०१४ चा अभ्यास. दहा नर्सिंग कार्यक्रमांतल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीचं क्लिनिकल, बाकी दोघांचे २५ आणि ५० टक्के तास सिम्युलेशनचे. मोजलं काय? ज्ञान, क्लिनिकल क्षमता, परवाना परीक्षेचा निकाल. आणि नोकरीतल्या पहिल्या सहा महिन्यांत वरिष्ठांनी केलेलं मूल्यमापन. गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. 'फरक नाही' हा निष्कर्षसुद्धा किती कामाचा असतो बघा: प्रशिक्षित शिक्षक आणि नीट डीब्रीफिंग असेल, तर निम्मे तास सिम्युलेशनला देता येतात, असं त्यातून दिसलं.

म्हणजे आत्मविश्वास मोजूच नये का? मोजा. ज्याला अजिबात खात्री नाही तो विद्यार्थी कोसळलेल्या पेशंटजवळ नुसताच उभा राहील. पण आत्मविश्वास एकटा मोजू नका. प्रौढ माणसाला सीपीआर देताना छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आजकालचे बरेच पुतळे हे आकडे नोंदवतात. विद्यार्थ्याला आधी विचारा, 'किती जमेल?' मग पुतळ्यावरचे आकडे घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. काही महिन्यांनी पुन्हा घ्या, कारण सराव सुटला की हे कौशल्य लवकर उतरतं.

त्या तक्त्यात एक रकाना नीट बघा: खात्री पाचपैकी पाच, आणि दाब जेमतेम तीन सेंटीमीटर. हा विद्यार्थी मदतीला कुणाला हाक मारणार नाही. नुसत्या प्रश्नावलीत मात्र तोच आपलं यश म्हणून मोजला गेला असता.

तुमचा सिनॉप्सिस पाठवण्याआधी 'आत्मविश्वास वाढेल' या उद्दिष्टाखाली पेन्सिलने माझ्या गाईडचा प्रश्न लिहा. उत्तर सुचेपर्यंत तो खोडू नका.