सुटीतील वाचन आणि कुमार-कादंबरीचा गर्भित वाचक

उन्हाळ्याच्या सुटीत सहावी ते आठवीच्या मुलांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, हा प्रश्न मराठीत सामान्यतः शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक यांच्याकडे सोपवला जातो. समीक्षेने त्याची दखल घेण्याचे कारण नाही, असेच जणू गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः शिफारशीची कोणतीही यादी ही मूल्यमापनाचीच कृती असते. तिचे निकष उघडपणे मांडलेले नसतात इतकेच. ते शोधू गेल्यास दोनच हाती लागतात : संस्कार आणि रंजन. कादंबरीने मुलाला काही शिकवावे, किंवा निदान पुस्तकांची गोडी लावावी. दोन्ही अपेक्षांत मूल हे परिणाम घडवून आणण्याचे स्थान ठरते. अर्थ लावणारा वाचक म्हणून त्याचा विचार होत नाही.

सुटीतील वाचनाच्या संदर्भात ही उणीव विशेष गंभीर आहे. पाठ्यपुस्तकातील उतारा कधीच एकटा येत नाही. त्याच्यामागे स्वाध्याय, पुढे परीक्षा आणि सोबत शिक्षकाचे विवरण असते. सुटीत हे सारे गळून पडते. बारा-तेरा वर्षांचा वाचक प्रथमच एका दीर्घ संहितेसमोर एकटा उभा राहतो. म्हणून निवड करताना विचारायचा प्रश्न असा, की ही कादंबरी या एकट्या वाचकासाठी कोणती जागा राखून ठेवते? वोल्फगांग इझर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली गर्भित वाचकाची, म्हणजे संहितेच्या रचनेतच गृहीत असलेल्या वाचकाची, संकल्पना येथे उपयोगी पडते. मात्र जॅकलीन रोझ यांनी १९८४ मध्ये दिलेला इशाराही विसरता येत नाही. मुलांसाठीच्या साहित्यात लिहिणारा, छापणारा आणि निवडणारा प्रौढच असतो. त्यामुळे त्यातील 'मूल' हे पुष्कळदा प्रौढांच्या इच्छेने घडवलेले असते.

साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. येथे बालपण सांगणारा श्याम प्रौढ आहे, आणि ऐकणारे आश्रमातील मित्रही लहान मुले नाहीत. निवेदक बहुधा प्रसंग सांगतो आणि त्याचा अर्थही स्वतःच सांगून टाकतो. वाचकाला उरते ती श्रोत्यांच्या गहिवरात सामील होण्याची जागा. संस्कारवादी निवडीला नेमके हेच हवे असते. परंतु या पुस्तकात दुसरी एक कथा आहे : कर्जात बुडत जाणाऱ्या कुटुंबाची, सावकाराच्या तगाद्याची, घरावर आलेल्या जप्तीची. पश्चात्ताप आणि मातृभक्ती यांच्या चौकटीत ही कथा पुरती मावत नाही. आई का खंगत जाते, याचे उत्तर केवळ तिच्या सोशिकतेत सापडत नाही. ते त्या घराच्या अर्थव्यवहारातही शोधावे लागते. एकटा वाचणारा मुलगा किंवा मुलगी तेथवर पोचू शकते. 'मातेचे प्रेम' एवढ्या शिफारशीनिशी पुस्तक हाती दिले, तर ती वाट आधीच बुजते. दोष येथे पुस्तकाहून निवडीच्या समर्थनाचा अधिक आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दुसऱ्या टोकाला आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला हा पोरगा उपदेश ऐकत बसत नाही. तो सायकलवर टांग मारतो. वाचकाचे काम येथे धागेदोरे जुळवण्याचे आणि वेगाशी जुळवून घेण्याचे आहे. मालिकेतील पुस्तके एकामागून एक फस्त करणे हा सुटीतील वाचनाचा स्वाभाविक धर्म आहे, आणि दीर्घ गद्य न थकता वाचण्याची सवय त्यातूनच लागते. ती सवय क्षुद्र मानणारी समीक्षा स्वतःच्याच वाचनाचा इतिहास विसरते. मर्यादा वेगळी आहे. मालिकेचा नायक बदलत नाही. एका पुस्तकातील संकटाचा ओरखडा पुढच्या पुस्तकात दिसत नाही. ज्या वयात वाचक स्वतः झपाट्याने बदलत असतो, त्या वयाला एवढे पुरत नाही.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद 'पाडस' (१९६७) येथे निर्णायक ठरतो. फ्लोरिडाच्या रानातील बारा वर्षांच्या ज्योडीने जीव लावून वाढवलेले हरणाचे पाडस घरचे पीक खाऊ लागते. आईच्या गोळीने ते जखमी होते, आणि त्याला संपवण्याचे काम ज्योडीवरच येते. अखेरीस बाप त्याला जगण्याविषयी चार शब्द सांगतो, हे खरे. पण ते शब्द घडून गेलेल्या कृतीनंतर येतात आणि तिची भरपाई करू शकत नाहीत. आई क्रूर होती काय, भुकेपुढे दुसरा मार्ग होता काय, याचा निर्णय वाचकाला स्वतः करावा लागतो. त्याला आधाराला निवेदक आहे, तयार निष्कर्ष मात्र नाही.

ही कादंबरी मुळात प्रौढांच्या वाङ्मयातून आली, ही गोष्ट सूचक आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हीदेखील कुमारांसाठी लिहिलेली नव्हे. पण तिचा आटोपशीर विस्तार, धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची दृष्टी आणि दुष्काळाने ओस पडत जाणारे गाव यांमुळे ती या वाचकाच्या आवाक्यात येते. कोकण आणि पुणे यांपलीकडचे जग यादीत आणण्याचे कामही ती करते. उलट प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधील (१९९४) कथांचा निवेदक लहान मुलगा आहे. तरी लंपनला न उमगलेले ओळखण्यावर त्यांतील बराचसा अर्थ अवलंबून असल्याने त्यांचा गर्भित वाचक पुष्कळदा प्रौढ असतो. बालनायक असला की पुस्तक मुलांचे, हे समीकरण त्यामुळे टिकत नाही.

बालकथा आणि प्रौढ कादंबरी यांच्या मधला प्रदेश मराठीत विरळ आहे, आणि तो भरून काढण्यासाठी निवड करणाऱ्याला अनुवादांकडे व प्रौढ वाङ्मयाकडे वळावे लागते, असा याचा अर्थ. शाळेत मराठी हा केवळ एक विषय उरलेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मराठीशी स्वेच्छेने संबंध जोडण्याची त्यांची संधी पुष्कळदा याच सुटीत असते. तेथे दिलेले पुस्तक पुन्हा स्वाध्यायच वाटले, तर ती संधी गेली. म्हणून यादीत फास्टर फेणेबरोबर 'पाडस' असावे, 'श्यामची आई'बरोबर 'बनगरवाडी' असावी, आणि कोणत्याही पुस्तकासोबत त्याचे तात्पर्य दिले जाऊ नये. सुटीनंतर शाळेने काही विचारायचेच असेल, तर पुस्तकातील कोणता निर्णय पटला नाही, एवढेच विचारावे.