अवस्था-अंदाजन आणि संवेदक-दोषशोधन : टेक्सास सिटीच्या संदर्भात एक आक्षेप

रिॲक्टरमधील संहती किंवा ऊर्ध्वपातन स्तंभातील द्रवसाठा यांसारख्या राशी प्रत्येक वेळी थेट मोजता येत नाहीत. प्रक्रियेचे गणिती प्रतिमान आणि उपलब्ध मोजमापे यांची सांगड घालून त्यांचा अंदाज बांधावा लागतो. प्रतिमानाने वर्तविलेले मूल्य आणि संवेदकाने दाखविलेले मूल्य यांतील फरकास ‘अवशेष’ म्हणतात. तो सातत्याने एकाच दिशेने ढळू लागला की संवेदकात दोष असल्याचा संशय घेतला जातो. काल्मन यांच्या १९६० च्या रैखिक फिल्टरपासून विस्तारित काल्मन फिल्टर, अनसेंटेड फिल्टर, कणाधारित फिल्टर असा या विषयाचा विस्तार झाला. मुंबईच्या आयआयटीतील पटवर्धन आणि त्यांच्या सहलेखकांनी २०१२ मध्ये घेतलेला आढावा या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

या कार्याचे मोल मान्य करूनही एक आक्षेप नोंदवावा लागतो. प्रक्रियेची अरैखिकता जितक्या बारकाईने तपासली जाते, तितकी संवेदकाची तपासली जात नाही. पुष्कळ लेखांत दोष म्हणजे खऱ्या मूल्यात मिळविलेली एक स्थिर चूक, तीही एका वेळी एकाच संवेदकात, असे गृहीत असते.

टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले. रॅफिनेट स्तंभातील पातळी दाखविणारे उपकरण द्रवात बुडालेल्या दांड्यावरील उत्प्लावक बल मोजत असे आणि त्याचा पल्ला तळापासून सुमारे ९ फुटांपर्यंतच होता. दांडा पूर्ण बुडाल्यावर ते पातळी नव्हे, तर घनता मोजू लागले. द्रव तापला, घनता घटली आणि दर्शविलेली पातळी उतरत गेली. दुपारी एकच्या सुमारास पडद्यावर ७.९ फूट दिसत असताना स्तंभात सुमारे १५८ फूट द्रव होता. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या २००७ च्या अहवालात हा तपशील आहे. ही स्थिर चूक नव्हे. येथे संवेदकाचा अर्थच बदलला होता.

शिवाय दोष एकटा नव्हता. सकाळी दहाच्या सुमारास दररोज २०,००० बॅरल या दराने द्रव आत येत होता आणि ४,१०० बॅरल बाहेर जात असल्याचे दिसत होते. हा दुसरा आकडाही चुकीचा होता. तरीही केवळ वजाबाकीने ताशी सुमारे ६६० बॅरलची वाढ निष्पन्न होते. आवक एका पडद्यावर आणि जावक दुसऱ्या पडद्यावर असल्याने ती वजाबाकी सहज होण्यासारखी नव्हती.

अशा ठिकाणी फिल्टर बसविला असता तर काय घडले असते? उत्तर त्याच्या जुळणीवर अवलंबून आहे. प्रतिमानातील अनिश्चितता सढळपणे धरली आणि संवेदकावर अधिक विश्वास ठेवला, तर फिल्टर प्रत्येक पायरीवर अंदाज खाली ओढतो, अवशेष लहान राहतो आणि दोष झाकला जातो. उलट द्रव्यसमतोलाला अधिक वजन दिले तर विसंगती लवकर उघड होते. परंतु प्रवाहमापकातील चूक साठत जाऊन खोटे इशारेही वाढतात. हा पेच फिल्टरचा प्रकार बदलल्याने सुटत नाही, हे पुरेशा स्पष्टपणे मांडले जात नाही.

डाउन्स आणि व्होगेल यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या टेनेसी ईस्टमन या चाचणी-समस्येत ४१ मोजमापे आहेत. मात्र तिच्यात वर्णन केलेल्या १५ बिघाडांत संवेदकाचा दोष एकही नाही. संशोधक तो स्वतः मिळवितात, बहुधा प्रक्रिया स्थिरावल्यानंतर. टेक्सास सिटीतील स्तंभ मात्र त्या दिवशी नुकताच सुरू केला जात होता.