साप पकडला नसता तर?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय बालसाहित्यात राजा-राणी, पऱ्या आणि बोलक्या सशांच्या शेजारी खरी मुलं येऊन बसली. बकऱ्या राखणारी, साप पकडणाऱ्या घरातली, करोनाच्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेली. लेखकांनी ती कुठे पाहिली, कुठे वर्तमानपत्रात वाचली आणि गोष्टीत आणली. या बदलाचं कौतुक झालं, आणि ते रास्तच आहे. पण खऱ्या आयुष्यातलं मूल गोष्टीत येतं तेव्हा त्याचं काय होतं, हे मात्र आपण फारसं तपासत नाही.

झाई व्हिटेकर यांचं ‘काली अँड द रॅट स्नेक’ घ्या. काली हा तमिळनाडूतल्या इरुला जमातीचा मुलगा. बाप साप पकडतो. कालीच्या डब्यात तळलेली वाळवी असते, म्हणून वर्गातली मुलं त्याच्यापासून अंतर राखतात. या गोष्टीमागचं वास्तव भक्कम आहे. इरुला पिढ्यानपिढ्या साप पकडत आणि कातडी विकत. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे कातडीची निर्यात बंद झाली आणि त्यांच्या चुली थंडावल्या. मग 1978 साली चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचे, विष काढून घ्यायचं आणि साप पुन्हा सोडून द्यायचे. ते विष सर्पदंशावरच्या औषधासाठी जातं. व्हिटेकर यांनी हे सगळं जवळून पाहिलं आहे, आणि ते जाणवतं. कालीचं आपल्या वडिलांबद्दलचं प्रेम आणि त्याचा बुजरेपणा कुठेही उसना वाटत नाही.

पण शेवटी वर्गात धामण शिरते, सगळे भेदरतात, काली ती शिताफीने पकडतो आणि एका क्षणात सगळ्यांचा लाडका होतो. पुस्तक मला आवडतं, तरी इथे दर वेळी अडायला होतं. धामण आलीच नसती तर? काली मागच्या बाकावर एकटाच बसून राहिला असता का? वेगळ्या मुलाने आधी काहीतरी पराक्रम करून दाखवावा, मग त्याला जवळ घेऊ, ही अट आपल्या कितीतरी गोष्टींत न बोलता घातलेली असते. अंध मुलगा सुरेख गातो, मजुराची मुलगी शर्यत जिंकते. वास्तव खरं असतं, पण त्याला दिलेला शेवट वाचणाऱ्या सुस्थितीतल्या मुलाची सोय बघून ठरवलेला असतो.

महाश्वेता देवींच्या ‘द व्हाय-व्हाय गर्ल’मधली मोयना ही अट मानत नाही. ती शबर मुलगी. या समाजावर इंग्रजांनी कायदा करून जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 साली गेला, संशय मात्र राहिला. महाश्वेता देवींनी पुरुलियात शबरांच्या संघटनेबरोबर वर्षानुवर्षं काम केलं, आणि मोयना त्या सहवासातून आली. ती विचारत राहते: गावच्या जमीनदार बाबूंच्या बकऱ्या मी का राखायच्या, त्यांचं उष्टं मी का खायचं, पाण्यासाठी इतक्या लांब का जायचं? सगळ्यात मोलाचा प्रश्न शाळेत येतो. सकाळी बकऱ्या चारायच्या असतात, तर मग शाळेची वेळ का बदलत नाही? इथे मुलीने शाळेत बसण्याची लायकी सिद्ध करायची नाही, शाळेनेच मुलीसाठी बदलायचं आहे. महिनोन्‌महिने शेजारी बसून ऐकल्याशिवाय असा प्रश्न लेखकाच्या हाती लागत नाही.

बातमीतून घेतलेल्या गोष्टीत हा सहवास नसतो, तिथे धोका जास्त. समिना मिश्रा यांचं ‘जामलो वॉक्स’ (2021) तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांतून छत्तीसगडमधल्या घरी चालत निघालेल्या आणि घर जवळ आलं असताना मरण पावलेल्या बारा वर्षांच्या मुलीवर आहे. त्यात जामलोच्या चालण्याशेजारी टाळेबंदीत घरात बसलेली इतर मुलंही येतात. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला नुसतं हळहळून पान उलटता येत नाही, आपण त्या दिवसांत कुठे होतो हे त्याला आठवतं. तारिक अझीझ यांच्या चित्रांसह हे पुस्तक मोठ्यांनी मुलांबरोबर बसून वाचावं.

मराठीत ही वाट फार जुनी आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही स्वतःच्या घरातलं. त्यात मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीचा प्रसंग आहे. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. आजच्या एखाद्या संपादकाने ती आंघोळ गाळली असती. गुरुजींनी ती राहू दिली, म्हणून ते घर जसं होतं तसं दिसतं. पुढे 1947 साली त्यांनी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केलं, हेही या प्रसंगाशेजारी ठेवून वाचावं. पण म्हातारीच्या मनात काय चाललं होतं, ते त्या पानावर नाही. ते गुरुजींना ठाऊक असण्याची शक्यताही नव्हती.

ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला 2017 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणात जाणाऱ्या गावाची ही कादंबरी आतल्या नजरेतून लिहिलेली आहे. रान, गुरं, पाऊस हा तिथे देखावा नसून मुलाचं रोजचं जगणं आहे. गाव सुटण्याचं दुःख म्हणूनच भाषण न करता पोचतं.

अशी पुस्तकं मराठीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच का, हे मला कोडं वाटतं. कारण कच्चा माल नाही असं म्हणायची सोय नाही. ‘बलुतं’ (1978), ‘उपरा’ (1980), ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनांची कितीतरी पानं बालपणाची आहेत. ‘उचल्या’त लक्ष्मण गायकवाड शाळेत जायला लागतात आणि वस्तीतली पोरं आजारी पडली की त्याचं खापर त्यांच्या शाळेवर फुटतं. शाळेत परके, वस्तीत दोषी, अशा मुलाची गोष्ट आठ-नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलाला कळेल. पण हे सगळं मोठ्यांच्या कपाटात राहिलं. हैदराबादच्या अन्वेषी संस्थेने मात्र 2008 साली ‘डिफरंट टेल्स’ या मालिकेत दलित, मुस्लिम घरांतलं बालपण त्या त्या समाजातल्या लेखकांकडून मुलांसाठी लिहून घेतलं. त्यातल्या ‘हेड करी’त मोहम्मद खदीर बाबू मुंडीच्या कालवणाबद्दल चवीने लिहितात. त्यात कुणाची कीव नाही आणि कुणाला काही सिद्धही करायचं नाही. आपल्या प्रकाशकांनी भटक्या-विमुक्त, आदिवासी घरांतून आलेल्या आजच्या लेखकांकडे जावं, मुलांसाठी लिहून मागावं, चांगला चित्रकार द्यावा, आणि हस्तलिखित हातात आल्यावर डब्यातली वाळवी आणि घरी आल्यावरची आंघोळ त्यातून काढून टाकू नये.