‘झुंड’मधली मुलं आणि आपण

तुमच्या गावात मुलं सॉकर कशी खेळतात? आमच्या फ्रिस्कोत टोयोटा स्टेडियम आहे, सॉकरचं नॅशनल हॉल ऑफ फेमही तिथेच आहे, आणि चार वर्षांच्या पोराकडेसुद्धा शिनगार्ड असतात. त्यामुळे नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतली मुलं भर पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळू लागली, तेव्हा आमच्या घरी जमलेल्या बच्चेकंपनीला तो आधी विनोदच वाटला.

शहरातल्या कष्टकरी घरातला तरुण आपण पडद्यावर कसा पाहत आलोय, आठवून पाहा. ‘वास्तव’मधला (१९९९) रघू पावभाजीची गाडी टाकतो. पण त्या गाडीवरचं काम दिसतं किती? हातून खून झाला की खरा सिनेमा सुरू होतो. पुढे महेश मांजरेकरांनीच जयंत पवारांच्या ‘अधांतर’वरून ‘लालबाग परळ’ (२०१०) केला. नाटकात १९८२च्या संपानंतरचं गिरणगाव चाळीतल्या एका खोलीत कोंडलेलं आहे. बेकारी तिथे घरातल्या चिडचिडीतून कळते. सिनेमात नरूच्या पिस्तुलाचा आवाज इतका मोठा, की बाकीची भावंडं ऐकूच येत नाहीत. गिरणी कामगाराचा मुलगा म्हणजे उद्याचा गुंड, हे समीकरण आपण बॅगेत भरून इथवर आणलंय.

‘झुंड’ची सुरुवातही फार वेगळी नाही. डॉन चोऱ्यामाऱ्या करतो, मारामाऱ्या करतो. ती भूमिका करणारा अंकुश गेडाम नागपूरचाच, आणि त्याची चाल, त्याची बोली कुठल्याही अभिनय-वर्गात मिळायची नाही. खरी गंमत पुढे आहे. मॅच जिंकली की असा सिनेमा संपायला हवा. हा संपत नाही. तो कागदांच्या मागे लागतो. मोनिका (रिंकू राजगुरू) आणि तिचे वडील ओळखपत्रासाठी दारोदार हिंडतात. डॉनच्या परदेशवारीला पोलीस केस आडवी येते. विमानतळावर तपासणीची कमान त्याला पाहून पुन्हा पुन्हा वाजते. उत्तरार्ध लांबला, असं अनेकांचं म्हणणं. मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. त्या कमानीपाशी आमच्याकडचे सगळे मोठे गप्प झाले. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद लावून व्हिसाच्या रांगेत कोण उभं राहिलेलं नाही!

खटकलं ते न्यायालयातलं बोराडे सरांचं भाषण. रांगेने आणि कमानीने जे सांगितलं, ते अमिताभच्या आवाजात पुन्हा कशाला? शिवाय डॉनला आधी सुधारावं लागतं, मग उड्डाण. आपल्याला खिडकीपलीकडून पगाराचं पत्र मागितलं होतं. ‘तू चांगला मुलगा आहेस का’ असं कुणी विचारलं नव्हतं.

सिनेमात वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे. मी नागपूरचा, आणि आमचं घर कॉलेजच्या बाजूचं. पलीकडचा एक मुलगा आमच्यात खेळायला यायचा. त्याला आम्ही कायम गोलकीपर करायचो, कारण तिथे उभं राहायला कुणालाच आवडत नसे. हे मी मुलांना सांगितलं, तर लेकाने विचारलं, “बाबा, तो आता कुठे असतो?”

आम्ही त्याला ‘गोली’ म्हणायचो. त्याचं खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.