निषेध आणि नोंद: अर्जेंटिनाच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आमच्याकडे आली. तीत एकच प्रश्न होता: ‘सगळ्या जगाने निषेध केला म्हणून कुठल्या हुकूमशहाने एक तरी माणूस सोडला आहे का हो?’ प्रश्नात राग आहे आणि तो आम्हाला समजतो. निषेधाचा ठराव आपल्या चांगल्या परिचयाचा. सभा संपत आली की कोणीतरी कागद काढून वाचतं, ‘ही सभा या कृत्याचा तीव्र निषेध करते’, आपण सगळे हात वर करतो आणि मग चपला शोधायला लागतो. ज्याच्यासाठी ठराव केला त्याच्यापर्यंत तो पोचला की नाही, हे कोणी विचारत नाही.

तेव्हा आज या निषेधाचीच समीक्षा करू. पण हवेत बोलण्यात अर्थ नाही. एक देश आणि एक काळ घेऊ: अर्जेंटिना, १९७६ ते १९८३. तोच का? कारण तिथे निषेधाचे जवळजवळ सगळे प्रकार होऊन गेले. एकट्या लेखकाने केलेला, आयांनी केलेला, स्वयंसेवी संस्थेने, परदेशी सरकारांनी, संयुक्त राष्ट्रांनी केलेला. पुढे काय झालं तेही आता माहीत आहे. त्यामुळे कोणत्या निषेधाने काय साधलं, हे ताडून बघता येतं.

२४ मार्च १९७६ ला तिथल्या लष्कराने इसाबेल पेरॉन यांचं सरकार उलथवलं. भूदलाचे विदेला, नौदलाचे मासेरा आणि हवाई दलाचे आगोस्ती अशा तिघांची ‘हुंता’ सत्तेवर आली. राजवटीने स्वतःला नाव घेतलं ‘राष्ट्रीय पुनर्रचनेची प्रक्रिया’. डाव्या सशस्त्र गटांचा हिंसाचार मोडून काढायचा, असं कारण दिलं. त्या गटांनी माणसं मारली होती हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण राज्याने जे केलं ते वेगळ्या जातीचं होतं. विद्यार्थी, कामगार पुढारी, वकील, पत्रकार, गरोदर बायका यांना साध्या वेशातली माणसं नंबरप्लेट नसलेल्या गाडीतून उचलून नेत. अटकेचा कागद नाही, खटला नाही, प्रेत नाही. घरचे लोक चौकीवर गेले की उत्तर मिळे, अशी कोणी व्यक्ती आमच्याकडे नाही. न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे हजारो अर्ज पडले आणि फेटाळले गेले.

हेबियस कॉर्पसच्या बाबतीत आपणही फार ताठ मानेने बोलू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत तो दरवाजा चार विरुद्ध एक मताने बंद केला होता. न्यायमूर्ती खन्ना तेवढे वेगळे उभे राहिले. दोन देशांतल्या अत्याचारांची बरोबरी आम्ही करत नाही, प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आमची पिढी तेव्हा नुकती विशी ओलांडलेली होती आणि एक योगायोग आमच्या मनात राहून गेला आहे. २१ मार्च १९७७ ला आपल्याकडची आणीबाणी उठली. आपण इथे मोकळा श्वास घेत होतो, त्याच आठवड्यात, २४ मार्चला, तिकडे ब्युनॉस आयरेसमध्ये रोदोल्फो वॉल्श नावाच्या लेखकाने हुंताला एक खुलं पत्र लिहून पुरं केलं. त्यात आकडे होते: १५ हजार नाहीसे, १० हजार कैदेत, ४ हजार मृत. पत्राच्या प्रती त्याने वर्तमानपत्रांना टपालाने पाठवल्या. तिथल्या एकाही वर्तमानपत्राने ते छापलं नाही. दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात वॉल्शला गाठून गोळ्या घातल्या. त्याचं प्रेत घरच्यांना कधीच मिळालं नाही.

हा पहिला निषेध. त्याने काय साधलं? त्या दिवशी काहीही नाही. चिठ्ठीवाल्या श्रोत्यांचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. पण त्या पत्रात विशेषणं किती आणि तपशील किती, ते बघा. तपशीलच जास्त. ही गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे.

आता राजवटीची बाजू. बाहेरून टीका आली की तिची तीन उत्तरं ठरलेली असत, आणि खरं सांगायचं तर जगातल्या सगळ्याच अशा राजवटींची तीच तीन असतात.

पहिलं: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. आपल्याकडेही आणीबाणीत परकीय हाताची भाषा झालीच होती. अर्जेंटिनात ‘अर्जेंटिनाविरोधी मोहीम’ असा शब्द रूढ केला. मानवी हक्कांना स्पॅनिशमध्ये ‘देरेचोस उमानोस’ म्हणतात. त्यावर कोटी करून ‘आम्ही अर्जेंटिनी लोक सरळ आणि माणुसकीचे आहोत’ अशा अर्थाची चिकटपत्रं गाड्यांच्या काचांवर लावली गेली. पण ‘अंतर्गत’ या शब्दाला आम्ही एक साधा प्रश्न विचारू. आत कोण होतं? ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका मायो चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जमल्या. आपली मुलं कुठे आहेत, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पोलीस म्हणाले, घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. या बायकाही आतल्याच होत्या ना? त्यांनीच बाहेरच्यांना हाक मारली. घरातून किंकाळी ऐकू आल्यावर शेजारी आला, तर ‘हा आमच्या घरचा मामला आहे’ असं जो म्हणतो तो सगळ्या घराच्या वतीने बोलत नसतो.

दुसरं उत्तर: बोलणारे तुम्ही कोण, तुमचे हात स्वच्छ आहेत का? हा आक्षेप जड आहे, तो झटकून टाकता येत नाही. जून १९७६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगितलं की जे करायचं असेल ते लवकर उरका. नंतर उघड झालेल्या सरकारी कागदांतच ते आहे. पुढे कार्टर आले, त्यांनी लष्करी मदत कमी केली आणि मानवी हक्कांची भाषा सुरू केली. दुसऱ्या बाजूला सोव्हिएत संघ. तो अर्जेंटिनाचं धान्य घेत होता, म्हणून ही कम्युनिस्टविरोधी राजवट असूनही जिनिव्हातल्या मानवी हक्क आयोगात सोव्हिएत गट तिच्या नावाने निषेध होऊ देईना. शेवटी फेब्रुवारी १९८० मध्ये त्या आयोगाने नाहीशा केलेल्या माणसांबद्दल एक कार्यगट नेमला, पण ठरावात अर्जेंटिनाचं नाव नव्हतं. समीक्षक म्हणून आम्ही या ठरावाला कमी गुण देतो. मात्र तो कार्यगट आजही काम करतो आहे, हेही सांगितलं पाहिजे.

न्यायदर्शनात आप्तवाक्य प्रमाण मानतात. आप्त म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा वक्ता. या प्रकरणात एकही सरकार आप्त नव्हतं. मग निषेधाचं वजन वक्त्याच्या पुण्याईवर ठेवून कसं चालेल? ते तपासता येईल अशा मजकुरावरच ठेवावं लागतं. माणूस लबाड असला तरी त्याने सांगितलेली तारीख खरी असू शकते.

तिसरं उत्तर राजवट देत नाही, आपणच देतो: याने काही होत नाही. इथे १९७९ चा सप्टेंबर बघावा लागेल. अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचा मानवी हक्क आयोग ६ ते २० सप्टेंबर या काळात अर्जेंटिनात आला. हुंताने त्याला का येऊ दिलं? एका मोठ्या जलविद्युत प्रकल्पासाठी अमेरिकी बँकेचं अडलेलं कर्ज हवं होतं, म्हणून. १९७८ मध्ये रोममध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष मोंडेल आणि विदेला यांच्यात तो व्यवहार ठरला. हेतू शुद्ध नव्हते, दार मात्र उघडलं.

आयोग येण्याआधी साफसफाई झाली. नौदलाची तांत्रिक शाळा हा सगळ्यांत कुप्रसिद्ध छळतळ. सुमारे ५ हजार माणसं त्या एका जागेतून गेली, फार थोडी परत आली. सुटलेल्यांनी सांगितलेल्या खाणाखुणा जुळू नयेत म्हणून तिथला जिना आणि लिफ्ट यांत फेरफार केले, उरलेले कैदी एका बेटावर नेऊन लपवले. इकडे आयोगाच्या कचेरीबाहेर नातेवाइकांची लांबच लांब रांग लागली. त्याच सुमारास मॅराडोनाच्या संघाने टोकियोत युवा विश्वचषक जिंकला. रेडिओवरून लोकांना सांगितलं गेलं की त्याच रस्त्यावर जा आणि आपला देश खरा कसा आहे ते पाहुण्यांना दाखवा. एकाच रस्त्यावर जल्लोष आणि रांग. रांग हलली नाही. आयोगाने ५,५८० तक्रारी नोंदवून घेतल्या.

१९८० मध्ये आलेला त्या आयोगाचा अहवाल वाङ्मय म्हणून रूक्ष आहे. एकेक प्रकरण घेतलं आहे: नाव, कधी नेलं, कुठून नेलं, कोणी पाहिलं, सरकारने काय उत्तर दिलं, ते उत्तर का पटत नाही. मग पुढचं नाव. आमच्या मते या विषयावरचा हा सर्वांत चांगला निषेध आहे, आणि तो निषेधासारखा दिसतही नाही. का, ते सांगतो.

डिसेंबर १९७९ मध्ये विदेला यांना पत्रकार परिषदेत नाहीशा झालेल्यांबद्दल विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा की अशा माणसाला अस्तित्वच नाही, तो जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. आपल्या वैशेषिकांनी अभावाचा फार बारकाईने विचार केला आहे. ते म्हणतात, नुसता ‘अभाव’ असा नसतोच. अभाव कशाचा तरी असतो, त्या ‘कशाचा’ला ते प्रतियोगी म्हणतात, आणि तो कुठे तरी असतो, त्या जागेला अधिकरण. आता जी वस्तू होती आणि नष्ट केली, तिचा प्रध्वंसाभाव. जी कधीच नसते तिचा अत्यंताभाव. विदेला प्रध्वंसाभावाला अत्यंताभावाचे कपडे घालत होते. प्रतियोगीच पुसला की अपराध उरत नाही. त्याच सप्टेंबरात केलेला एक कायदा हेच करत होता: नाहीशा झालेल्यांना मृत समजायचं आणि फाइल मिटवायची. आया याला तयार नव्हत्या. त्या चौकात फोटो घेऊन उभ्या राहत. फोटो हा प्रतियोगी, चौक हे अधिकरण. आयोगाच्या अहवालाने एकेका प्रकरणात तेच केलं.

आता चिठ्ठीचं उत्तर. एक तरी माणूस सुटला का? हो. ‘ला ओपिनियॉन’ या वृत्तपत्राचे संपादक हाकोबो टिमरमन यांचा १९७७ मध्ये छळ झाला, जगभर ओरड झाली आणि सप्टेंबर १९७९ मध्ये त्यांना सोडून देशाबाहेर घालवलं. ज्याचं नाव जगाला ठाऊक त्याच्या वाचण्याची शक्यता थोडी वाढते. पण हमी नाही. डिसेंबर १९७७ मध्ये दोन फ्रेंच जोगिणींना नेलं, फ्रान्सने विचारणा केली, त्या परत आल्या नाहीत. आयांची पुढारी असुसेना विल्याफ्लोर. १० डिसेंबर १९७७, मानवी हक्क दिन, त्या दिवशी आयांनी मुलांच्या नावांची जाहिरात वर्तमानपत्रात छापून आणली आणि त्याच दिवशी असुसेनाबाईंना उचललं. शिवाय बहुतेक माणसं १९७६ आणि ७७ या दोन वर्षांतच गेली. आयोग आला १९७९ मध्ये. जग उशिरा पोचलं, हा आरोप आम्ही मागे घेत नाही.

पण निषेधाने जीव वाचवणं हे त्याचं एकच काम नव्हे. १९८३ मध्ये लोकशाही आली. मानवी हक्क संघटनांनी जपलेल्या फायली तयार होत्या, म्हणून लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एका वर्षाच्या आत, सप्टेंबर १९८४ मध्ये, ८,९६० नाहीशा माणसांचा आणि सुमारे ३४० गुप्त छावण्यांचा अहवाल दिला. संघटना आजही ३० हजार म्हणतात. १९८५ च्या खटल्यात ८३३ साक्षीदार उभे राहिले, विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. मग १९९० मध्ये माफी मिळाली आणि लोक म्हणाले, संपलं सगळं. पण नोंदी राहिल्या होत्या. पुढे खटले पुन्हा उभे राहिले. विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच वारले. असुसेनाबाईंचं प्रेत १९७७ मध्येच समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलं होतं आणि ते बेवारस म्हणून पुरलं गेलं. २००५ मध्ये हाडांवरून ओळख पटली. आता त्यांची रक्षा त्याच मायो चौकात आहे. अठ्ठावीस वर्षं लागली. म्हणून निषेध वाचताना आम्ही त्यात नावं शोधतो. ‘तीव्र’ आणि ‘अमानुष’ ही विशेषणं दुसऱ्या दिवशी शिळी होतात. नाव, तारीख आणि जागा तीस वर्षांनीही न्यायालयात चालतात.

एक गोष्ट आपल्या घरची. सक्तीने नाहीसं करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २००६ मध्ये झाला. त्यामागे या आयांची चिकाटी मोठी आहे. भारताने २००७ मध्ये त्यावर सही केली, पण अनुसमर्थन अजून केलेलं नाही. तेव्हा पुढच्या सभेत कोणी दूरच्या देशाच्या निषेधाचा कागद वाचला तर आपण हात जरूर वर करू. पण आधी विचारू की यात कोणाची नावं आहेत, आणि या करारावर आपल्या सरकारला आपण कधी पत्र लिहिणार आहोत.

पुढच्या व्याख्यानात साक्षीदाराच्या स्मृतीवर किती विसंबावं, या प्रश्नाकडे वळू. चिठ्ठ्या पाठवत राहा, रागाच्या असल्या तरी चालतील.