आवाज चढला, गोष्ट आटली

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी मालुसरे सिंहगडाखाली येतो, पण लगेच तलवार उपसत नाही. पाटलाचं सोंग घेऊन तो कोळ्यांच्या पहाऱ्यात शिरतो, त्यांना खूश करतो आणि गडाची बित्तंबातमी काढून घेतो. किल्लेदार उदेभानाच्या जेवणाचं मापही शाहीर सोडत नाही, आणि ते माप अर्थातच राक्षसी आहे. पुढे दोर बांधून चढवलेली घोरपड कड्यावरून माघारी वळते, तर तानाजी तिला कापून भाकरीशी खाण्याचा दम भरतो.

फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचा हा पुरावा नव्हे. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे वानरासारखे कडा चढणारे मावळे आहेत. ‘सिंहगड’ हे नावही १६६३ च्या पत्रात सापडतं, म्हणजे तानाजी पडण्याच्या आधीचं. तरीही महाराष्ट्राच्या डोक्यात घोरपडच बसली. शाहिराला गोष्ट रंगवता येत होती, त्याला कोण काय करणार!

आजच्या पोवाड्यात नेमकी हीच गोष्ट आटली आहे. शिवजयंतीच्या मंचावर डफ कडाडतो, फेटे झळकतात, शाहीर पहिल्याच चौकात टिपेला पोहोचतो आणि तिथून खाली उतरतच नाही. हेरगिरी, मसलत, भीती, घासाघीस या सगळ्याला फाटा मिळतो आणि उरतो तो जयघोष. पोवाड्यातला वीर मोठा वाटायचा तो त्याच्या अडचणींमुळे. अडचणी काढल्यावर नुसती मिरवणूक राहते.

वेळेचं गणित यामागे आहे. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा काय किंवा तुळशीदासाचा काय, ऐकणारे बैठक मारून बसणार हे गृहीत धरूनच रचलेले. गद्य निवेदनात शाहीर थांबे, श्रोत्यांची फिरकी घेई, मग कटावात सुसाट सुटे. झीलकरी ओळीचं शेपूट उचलून वर चढवत तेवढ्यात त्याला दम घ्यायला मिळे. ग्रामोफोनच्या तबकडीने एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं दिली. आता मोबाइलवर तेवढीही मिळत नाहीत. साथीला तयार ट्रॅक आला की झीलकऱ्याचं कामच संपतं आणि ट्रॅक कोणासाठी थांबत नाही.

थोडक्यात रचलेलं सगळंच वाईट, असं मात्र नाही. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’ (२००९) मधला नंदेश उमप यांनी गायलेला अफझलखानाचा पोवाडा आटोपशीर आहे, तरी त्यात प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. उलट ‘तान्हाजी’ (२०२०) या हिंदी चित्रपटाने उदयभानच्या ताटात मगर वाढली. तुळशीदासाने या अतिशयोक्तीला दाद दिली असती. कोळ्यांचा पहारा मात्र त्याने शोधला असता.

पोवाडा गडकिल्ल्यांपुरता कधीच नव्हता, हेही विसरलं जातं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा रचून नायक कोणाचा, हा वाद शाहिरीत आणला. अण्णाभाऊ साठ्यांनी तर स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा केला, आणि मुंबईच्या कामगारांना व्होल्गाकाठ परका वाटू दिला नाही. पण गंमत अशी की वारणेकाठच्या फकिरा या बंडखोरासाठी त्यांनीच १९५९ मध्ये कादंबरी लिहिली. इंग्रजांचा खजिना लुटणाऱ्या माणसाचं अख्खं आयुष्य मांडायला त्यांनाही पानंच सोयीची वाटली असावीत.

फुल्यांनी आणलेल्या त्या वादाची धग पुढे रंगभूमीवर दिसली. संभाजी भगत यांच्या संकल्पनेतून आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’मध्ये (२०१२) दोन शाहिरी फडांचा सवाल-जवाब रंगतो आणि शिवाजी नक्की कोणाचा, यावर प्रेक्षकांसमोर उलटतपासणी होते. एक फड बोलतो, दुसरा त्याला अडवतो. जयंतीच्या मंचावर असं अडवणारं कोणी नसतं. तिथे दुसरा शाहीर येतो तो पहिल्याच्याच ओळी आणखी वरच्या पट्टीत म्हणायला.